नट, वॉशर आणि मंजुळाबाईंचं माहेर

रहाटणीत आम्ही राहतो त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी मी मुलांना शिकवते. शिकवते म्हणजे पुस्तक उघडत नाही. महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर पुस्तकाचा तेवढा आग्रह राहिला नाही. एक सतरंजी, बादलीभर पाणी, एक लोहचुंबक आणि लाडवांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात भरलेले नट आणि वॉशर, एवढ्यावर आमचं पुष्कळ भागतं. नट-वॉशर मुलांनीच जमवलेले. निम्म्या मुलांचे वडील चाकणला नाहीतर भोसरीला कंपनीत आहेत. रिजेक्ट झालेला माल खिशातून घरी येतो आणि घरातून माझ्या डब्यात. त्यावर आम्ही मोजतो, तोलतो, चुंबकाला चिकटवतो, मिठाच्या पाण्यात ठेवून गंज कसा चढतो ते बघतो.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी विजयश्री आली. ती माझी जुनी विद्यार्थिनी. वडील उदगीरकडून येऊन आकुर्डीला कंपनीत लागले होते. पाचवीत ती माझ्या वर्गात आली तेव्हा म्हणायची, "बाई, पाणी उकळायलंय," आणि सगळा वर्ग हसायचा. ती मात्र पाणी का उकळतं हे विचारल्याशिवाय जागची हलायची नाही. आता ती पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहे.

शास्त्रज्ञ येणार हे मी मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे डोक्याला स्कार्फ गुंडाळून स्कूटरवरून उतरलेली साधी बाई पाहून मुलं जरा हिरमुसली.

"तुम्ही कसला शोध लावला?" दिव्याने सरळ विचारलं. ती सातवीत आहे आणि तिला आडवळणाने बोलता येत नाही.

"अजून लावायलेय," विजयश्री सतरंजीवर बसत म्हणाली.

मग तिने सांगायला सुरुवात केली. रक्त कुठं तयार होतं, तर हाडांच्या आत. तिथं एक कारखाना चालतो. त्या कारखान्यात कधीकधी असं होतं, की अर्धवट झालेला माल भराभर बाहेर पडायला लागतो. कामाचा एकही नाही, पण ढीग एवढा, की चांगला माल बनवायला जागाच उरत नाही. या आजाराला ल्युकेमिया म्हणतात, रक्ताचा कॅन्सर.

"म्हणजे माल तपासणारा क्यूसीवाला झोपलाय," एक मुलगा म्हणाला.

"अगदी बरोबर. मी शिकायला लागले ती तिथूनच. क्यूसीवाला का झोपतो, हे शोधण्यापासून."

काही रोग्यांना दुसऱ्याच्या हाडातला मगज देतात, हे तिने सांगितलं. मग दुसऱ्याचं आपल्याला चालतं का, असा प्रश्न आला. विजयश्रीने गेटकडे बोट दाखवलं. "तुमचा वॉचमन कुठल्या गाडीला आत सोडतो?"

"सोसायटीचा स्टिकर असेल तिला."

"शरीरातही वॉचमन असतात. प्रत्येक पेशीवर स्टिकर असतात, ते बघून ते आपलं कोण आणि परकं कोण ते ठरवतात. तुमचे निम्मे स्टिकर आईकडून आलेले असतात, निम्मे बाबांकडून."

रक्तावरून ती वॉचमनच्या अभ्यासाकडे वळली, आणि वॉचमनवरून किडनीकडे, कारण किडनी बदलतानाही तोच वॉचमन आडवा येतो. मग तिला प्रश्न पडला, की काही घरांत पिढ्यानपिढ्या किडन्या मुळात बिघडतातच का? गेली काही वर्षं ती हाच शोध घेत होती. अशा घराचा नकाशा कसा काढतात हे दाखवायला तिने माझा डबा ओढला. "आमच्यात पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल काढतात. आपण नट म्हणजे पुरुष धरू, वॉशर म्हणजे बाई."

"बायका वॉशर का?" दिव्याने लगेच हरकत घेतली.

"वॉशर नसला की नट सैल पडतो, माझे पप्पा म्हणतात," दुसरा एक जण म्हणाला, आणि दिव्याला ते पटलं.

एवढ्यात शेखर सायलीला न्यायला आला. सायली त्याची मुलगी, दुसरीत आहे. ही इमारत शेखरच्या वडिलांच्या, यशवंतरावांच्या, जमिनीवर उभी आहे. खालच्या मजल्यावरचं घर त्यांचं. शेखर चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या यंत्रांवर, कामाला होता. आता दीडेक वर्षापासून घरी. दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि एक दिवसाआड डायलिसिस चालू होतं. त्याची आई, मंजुळाबाई, त्याला स्वतःची किडनी देणार होती. तिच्या तपासण्या बहुतेक झाल्या होत्या आणि संक्रांतीनंतर ऑपरेशन करायचं ठरलं होतं. सगळी इमारत तिच्याकडे आदराने बघायला लागली होती, आणि तिलाही ते कुठंतरी आवडत होतं.

"शेखर, ही विजयश्री," मी मोठ्याने म्हणाले. शेखरशी आम्ही सगळेच आवाज चढवून बोलतो. प्रेस शॉपमधल्या माणसाशी इथं असंच बोलतात.

विजयश्रीने त्याच्या हाताकडे पाहिलं. डायलिसिससाठी केलेली शीर कोपराजवळ फुगलेली होती. मग तिची नजर त्याच्या कानातल्या मशीनवर गेली.

"दादा, कानाला मशीन कधीपासून?"

"झाली की चार-पाच वर्षं. प्रेसवर सगळ्यांचेच कान जातात, मॅडम. आमचा सुपरवायझर तर म्हणतो, बायकोचं ऐकू येत नाही हाच बोनस."

"आणि प्रेसवर लागायच्या आधी?"

"आधी काय, शाळेत होतो. क्रिकेट खेळायचो. दर मॅचला रनआउट."

"का?"

"समोरचा नको-नको ओरडायचा. मला ऐकूच यायचं नाही." तो हसला आणि मग हसता हसता थांबला.

विजयश्री हसली नाही. ती म्हणाली, "आई-बाबा आहेत का घरी? मला चहा मिळेल का?"

सायलीने डबा उचलला आणि आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो.

यशवंतराव टीव्हीवर बैलगाड्यांच्या शर्यती बघत होते. त्यांनी आवाज बंद केला आणि आम्हाला बसायला सांगितलं. मंजुळाबाईंनी चहा टाकला. शेखरची बायको मंजुषा दाराशी टेकून उभी राहिली. विजयश्रीने शेखरबद्दल इकडचं-तिकडचं विचारलं. लहानपणी ऐकायचा का नीट?

"तीन हाका मारल्या की चवथ्या हाकेला ओ द्यायचा," मंजुळाबाई कपबशा मांडत म्हणाल्या. "आमी म्हणायचो, कामाचं सांगितलं की बरूबर ऐकू येत न्हाई."

"घरात आणखी कुणाला किडनीचा त्रास होता?"

"ते दवाखान्यातबी इचारलं हुतं," यशवंतराव म्हणाले. "सांगितलं आमी. आमच्या घराण्यात कुनालाच न्हाई. माझा आज्जा पंच्याण्णव वर्सं जगला. मरायच्या आदल्या दिशी शेतातनं चालत आला."

विजयश्रीने सायलीकडून डबा घेतला आणि फरशीवर मांडायला सुरुवात केली. यशवंतरावांचा आजा, एक नट. आजी, वॉशर. त्यांची मुलं, त्यांची मुलं. यशवंतरावांना गंमत वाटायला लागली. ते खुर्चीवरून उतरून खाली बसले आणि भावकीतले नट-वॉशर सांगायला लागले. ह्यो लष्करात हुता, ह्यो पैलवान, ही आळंदीला दिली. अर्धी फरशी भरली. सगळे धडधाकट.

मग विजयश्रीने यशवंतरावांच्या नटाशेजारी एक वॉशर ठेवला. "ह्या काकू. आता काकूंचं घर."

"हेच की तिचं घर," यशवंतराव म्हणाले.

"हे सासर. माहेर?"

"ते येगळं घराणं झालं. त्येंचं देवक येगळं, कुळ येगळं."

"देवक वेगळं असू दे, काका. पण शेखरदादा निम्मा तिकडचा आहे."

यशवंतरावांनी हातातला नट खाली ठेवला. त्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. घराण्यात कोण, असं विचारल्यावर आपल्याकडे माणूस आपल्या भावकीचं सांगतो. लग्न होऊन आलेल्या बाईचं माहेर त्यात कुणी धरत नाही, ती बाईसुद्धा नाही. दवाखान्यात मंजुळाबाई शेजारीच बसल्या होत्या, आणि त्यांनाही ते उत्तर बरोबरच वाटलं होतं.

आता त्या पदराला हात पुसत खाली बसल्या. त्यांनी डब्यातून एकेक काढायला सुरुवात केली. "ही माझी आई. ह्यो बा. आमी तिघी बहिणी." तीन वॉशर मांडून झाल्यावर त्या थांबल्या. मग एक नट काढून बहिणींच्या शेजारी ठेवला. "आन ह्यो माझा भाऊ. विलास."

"ते आता कुठं असतात?"

"गेला. माझं लगीन झालं त्याच्या आधीच. पंचविशीत हुता."

"कशानं?"

"अंगाला सूज आली. तोंड, पाय, सगळंच. खेडला दवाखान्यात न्हेला, पर न्हाई राह्यला." त्या नटाकडे बघत होत्या. "त्याला ऐकू यायचं न्हाई. बैलं राखायचा. शर्यतीच्या घाटात सगळे भोंग्याकडं कान लावून असायचे, ह्यो निशाणाकडं बघत बसायचा. गाडा सुटला की त्यालाच पयलं कळायचं."

"ते कधी कंपनीत होते?"

"कंपनी त्यानं डोळ्यानं बघितली न्हाई."

शेखरने कानातलं मशीन बोटाने नीट बसवलं आणि जरा पुढं सरकला.

"आणि आईकडचे कुणी?" विजयश्रीने विचारलं.

"आईचा भाऊ हुता. त्याला आमी बहिरा मामाच म्हणायचो. त्याचं खरं नाव आता कुनाला ठावं." मंजुळाबाईंनी आणखी एक नट उचलला. "त्योबी तरनाच गेला."

मग यशवंतराव म्हणाले, "हे तू मला कधी बोलली न्हाईस."

"तुमी इचारलं कधी? तुमी तर त्याला कधी बघितलंबी न्हाई."

आजारी माणसाची खूण म्हणून विजयश्रीने डब्याच्या तळातून गंजलेले नट शोधून काढले, आमच्या मिठाच्या पाण्यातले. एक शेखरच्या जागी, एक विलासच्या, एक बहिऱ्या मामाच्या. मंजुळाबाईंनी विलासच्या जागचा नट उचलून परत तिच्या हातात दिला.

"गंजका नगं. देखना हुता माझा भाऊ."

विजयश्रीने तो गंजका नट डब्यात टाकला. एवढी शिकलेली पोर, पण तिने चूक चटकन ओळखली. "मग दुसरी काय खूण करू या, काकू?"

मंजुळाबाई उठल्या, स्वयंपाकघरातून हळदीचं बोट भरून आणलं आणि चांगल्या, चकचकीत नटाला लावलं. विलासला, मामाला आणि शेखरला. पिवळे ठिपके जोडले तर रेघ सरळ मंजुळाबाईंच्या आईवरून त्यांच्यावर आणि त्यांच्यावरून शेखरवर येत होती.

विजयश्रीने तिथंच समजावून सांगितलं. किडनीत एक बारीक जाळी असते, रक्त गाळणारी. ती ज्या तारेची विणलेली असते, त्याच तारेची जाळी कानातही असते. तार कच्ची असली की किडनी आणि कान दोन्ही बरोबरच जातात. "मला तसं वाटतंय, पण नुसत्या वाटण्यावर काही ठरत नाही. रक्त तपासावं लागेल, दादांचं आणि काकूंचं. मी दादांची डॉक्टर नाही. तुमच्या डॉक्टरांशी मी बोलते, ते सांगतील तसंच करायचं. पण तोवर ऑपरेशनची घाई नको."

बाकी सगळं मंजुळाबाईंनी ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. त्या कपबशा गोळा करून आत गेल्या.

डॉक्टरांनाही विजयश्रीचं म्हणणं पटलं आणि संक्रांतीनंतरचं ऑपरेशन पुढं ढकललं गेलं. तपासणीला काही आठवडे लागणार होते. त्या दिवसांत मंजुळाबाई इमारतीत कुणाशी फारसं बोलल्या नाहीत. एके दुपारी मटकीच्या उसळीची वाटी घेऊन माझ्याकडे आल्या. वाटी ओट्यावर ठेवली आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"बाई, तुमी पोरांना शिकवता, तसं मला सांगा. माझी किडनी वाईट हाय का?"

"वाईट नाही. पण त्या जाळीत थोडी कच्ची तार असू शकते. तुम्हाला दोन आहेत म्हणून चालून जातं. एक काढली तर उरलेलीवर ओझं येईल, आणि पुढं तुमच्यावरच डायलिसिसची वेळ येऊ शकेल. शेखरलाही ती किती पुरेल, सांगता येत नाही."

"आजार मीच दिला त्याला. आन आता त्यावरचं औषध द्यायला गेले, तर तेबी माझं चालंना." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मग मी आई कशाची?"

मुलांना शिकवता शिकवता एवढं कळतं, की डोळ्यांत पाणी असताना माणसाला काही शिकवू नये. मी चहा ठेवला. त्यांनी आलं किसलं. विलासच्या बैलांची नावं काय होती, ते मी विचारलं, आणि त्यांनी ती सगळी सांगितली. कुठला बैल ढुशी द्यायचा, कुठला विलासशिवाय कुणाच्या हातचं पाणी प्यायचा नाही, हेही सांगितलं. लग्न झाल्यापासून ही नावं तोंडात आली नव्हती म्हणाल्या. जाताना उसळीची वाटी मी रिकामी करून दिली नाही. उद्या न्यायला या म्हटलं. म्हणजे त्या पुन्हा येतील.

तपासणीचा निकाल विजयश्रीच्या अंदाजासारखाच आला. डॉक्टरांनी तो सांगितलाच होता. तरी यशवंतरावांनी तिला घरी बोलवून घेतलं, कारण दवाखान्यातलं निम्मं समजलं नव्हतं. मीही गेले. मंजुळाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसल्या होत्या, धड आत नाही आणि धड बाहेर नाही.

"शेखरदादा," विजयश्री म्हणाली, "प्रेसवर पार्ट कशावरून बनवता?"

"डायवर, म्हणजे साच्यावर. आणि डाय ड्रॉइंगवरून."

"या जाळीच्या तारेचं ड्रॉइंग शरीरात असतं. बाईकडे त्याच्या दोन प्रती असतात, पुरुषाकडे एकच. काकूंच्या एका प्रतीत बारीकशी चूक आहे, दुसरी चांगली आहे, म्हणून त्यांचं निभावलं. मूल होताना दोन्हींपैकी कुठली प्रत जाईल, ते कुणाच्याच हातात नसतं. तुमच्याकडे चुकीची आली. आणि तुमच्याकडे दुसरी नाही."

शेखर म्हणाला, "म्हणजे ड्रॉइंगच चुकलंय. ऑपरेटरची चूक नाही."

"नाही. ऑपरेटरची अजिबात नाही."

शेखर उठला आणि उंबऱ्यापाशी जाऊन आईजवळ बसला. "ऐकलं का गं? तुझी चूक न्हाई. मॅडम म्हणाल्या."

"मला ऐकू येतंय. मी तुज्यासारखी बहिरी न्हाई," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

यशवंतराव खाकरले. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. माहेरावरून सुनेला आणि बायकोला ऐकवणारे पुष्कळ पाहिले आहेत. ते काय बोलतील याची मलाही धास्ती होती.

"हिच्या माहेरचा तांदूळ खाल्ला आमी, इंद्रायणीचा," ते म्हणाले. "तूप खाल्लं. पयली बैलजोडी हिच्या बानं दिली. तवा कधी इचारलं न्हाई, की कुठनं आलं. आता एक गोष्ट वाईट आली म्हणून काय हिशेब मागत बसू?" मग विजयश्रीकडे वळले. "ते स्टिकरचं सायली सांगत हुती. निम्मं बापाचं असत्यात म्हणं?"

"हो, काका."

"आन माज्याकडच्या ड्रॉइंगचा ह्याच्याशी काय संबंध न्हाई?"

"नाही. मुलाला ते ड्रॉइंग फक्त आईकडून येतं. तुमची किडनी चालेल का, ते तपासण्या करून डॉक्टर ठरवतील, पण विचारायला हरकत नाही."

"मग माजी घ्या."

उंबऱ्यावरून मंजुळाबाई म्हणाल्या, "ह्ये? ह्ये इंजक्शनला भितात. धनुर्वाताचं टोचायला चार माणसं धरावी लागली हुती."

"तवा मी तरना हुतो."

"गेल्या सालची गोष्ट हाय."

शेखर हसायला लागला. मंजुषा पदराआड हसली. यशवंतराव मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सुटलेल्या बैलगाड्यापुढं उभा ऱ्हायलोय मी. डोळं मिटून घेईन."

मग शेखरने मुलीचं विचारलं. दाराआडून सायली ऐकत होती, म्हणून विजयश्रीने तिला जवळ बोलावलं आणि तिच्यासमोरच सांगितलं. बाबांची ती एक प्रत तिच्याकडे आलेली आहेच. पण आईकडची चांगली प्रतही आहे. दरवर्षी लघवी तपासायची, रक्तदाब बघायचा, आणि मोठी झाल्यावर डॉक्टरांना हे सगळं सांगायचं.

"म्हणजे मी आजीसारखी?" सायलीने विचारलं.

"आजीसारखी."

सायलीला त्यात वाईट काही दिसलं नाही. ती जाऊन आजीच्या मांडीवर बसली.

यशवंतरावांच्या तपासण्या सुरू झाल्या. रक्तगट जुळत होता, वयाची अडचण डॉक्टरांनी मानली नाही, किडन्या उत्तम निघाल्या. पहिल्या सुईच्या वेळी त्यांनी खरंच डोळे मिटून घेतले आणि नर्सला सांगितलं, "झालं की सांग, पोरी." ती म्हणाली, "झालं, काका," तर म्हणाले, "मग आणि एक घे लागली तर."

पण मंजुळाबाईंना अजून करमत नव्हतं. दवाखान्यात डबे पोचवायच्या, देवापुढं दिवा लावायच्या, आणि मध्येच हात रिकामे धरून बसायच्या. शेवटी विजयश्री एक दिवस त्यांच्याकडे आली.

"काकू, माझं एक काम अडलंय. तुम्हीच करू शकता."

"मी? मला कुटं काय येतं."

"तुमच्या बहिणी. त्यांची मुलं, नातवंडं. हाच आजार तिकडंही असेल. लवकर कळला तर साध्या गोळ्यांनी किडनी कितीतरी वर्षं टिकवता येते. शेखरदादांना ती संधी मिळाली नाही. पण मी परकी बाई जाऊन विचारलं तर मला कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी साडी नेसून मंजुळाबाई माझ्या दारात उभ्या. "बाई, तुमचा तो डबा द्या. आन तुमीबी चला, तुमाला सोपं सांगता येतं."

आम्ही तिघी विजयश्रीच्या ओळखीच्या गाडीने निघालो. चाकणचा चौक, कंटेनरच्या रांगा, मग कारखान्यांच्या भिंती संपल्या आणि बाजरीची मोकळी रानं आली. मंजुळाबाईंची धाकटी बहीण गोजाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. बहिणी भेटल्या, पाणी झालं, चहा झाला. विजयश्रीने विचारलं, घरात कुणाला किडनीचा, ऐकू न येण्याचा काही त्रास?

"न्हाई बया. आमच्या घराण्यात असलं काय न्हाई," गोजाबाई म्हणाली. घराणं म्हणजे तिच्या नवऱ्याचं.

मंजुळाबाईंनी डब्याचं झाकण उघडलं. "गोजे, घराणं ऱ्हाऊ दे तुझं. आईकडनं सांग." आणि शेंगांची टरफलं हाताने बाजूला सारून त्यांनी सारवलेल्या जमिनीवर पहिला वॉशर ठेवला. आई. मग तिघी बहिणी. मग हळदीचं बोट लावलेला तो चकचकीत नट. "ह्यो आपला विलास."

गोजाबाईने शेंगांचं सूप खाली ठेवलं.

तिच्या लेकीचा मुलगा दहा वर्षांचा, दोन दिवसांच्या सुट्टीला आजोळी आलेला. हाक मारली की येत नाही, अशी त्याच्याबद्दल तक्रार होती, आणि सगळ्यांनी त्याचा दोष मोबाइलला दिला होता. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या आईने मोबाइल काढूनही घेतला होता. तरी तो हाकेला येतच नव्हता. "आता ह्येला काय म्हणावं, सांगा," गोजाबाई म्हणाली. मंजुळाबाईंनी त्या पोराला समोर बसवलं, त्याच्या डोळ्यांत बघत सावकाश बोलल्या, आणि तो सगळ्याची उत्तरं नीट द्यायला लागला. "भोंग्याकडं न्हाई, निशाणाकडं बघतोय," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या.

तपासणीत त्याच्या लघवीत रक्त निघालं, डोळ्यांना न दिसणारं. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. कानालाही चांगलं मशीन बसलं.

शेखरचं ऑपरेशन होळीनंतर झालं. बापाची किडनी मुलाच्या शरीरातल्या वॉचमननी, पुष्कळ औषधांच्या धाकाने का होईना, आत घेतली. यशवंतराव आता गच्चीवर जाताना दर मजल्याला थांबतात आणि विचारणाऱ्याला सांगतात, "एक भागीदार कंपनीत दिलाय, म्हणून दम लागतो." त्यावर मंजुळाबाई म्हणतात, की दम पोटामुळे लागतो. शेखर प्रेसवर परत गेला नाही. त्याच कंपनीत त्याला स्टोअरमध्ये घेतलं आहे.

आणि माझा डबा परत आलेला नाही. मंजुळाबाई दुसऱ्या बहिणीकडे जाऊन आल्या, मग आईच्या माहेरच्या गावाला गेल्या. तिथं बहिऱ्या मामाचं खरं नाव एका म्हाताऱ्याने सांगितलं. आबाजी. आता त्या नटाला नाव आहे. विजयश्री म्हणते, एवढी माहिती तिच्या संस्थेतल्या कुणालाही जमवता आली नसती. मंजुळाबाई म्हणतात, त्यात काय, माहेरी जायला निमित्तच पाहिजे असतं.

गेल्या रविवारी मुलांनी डब्याची आठवण काढली. सायली घरी जाऊन विचारून आली.

"आजी म्हणते, आत्ता नाही देणार. अजून तिच्या आईच्या बहिणीचं, शालनमावशीचं, घर राहिलंय."

मग मुलांनी घरून नवे नट आणले, दिव्याने मिठाचं पाणी केलं, आणि आम्ही गंजाचा प्रयोग पहिल्यापासून लावला.